मध्यम वाटेचे वाङ्मय : शिरूर-दौंडच्या पायवाटा आणि मराठी वाटवर्णन

मराठी प्रवासवर्णनांचा अभ्यास आजवर बहुधा तीन प्रश्नांच्या आधारे झालेला आहे. प्रवासी कोठे गेला, त्याने काय पाहिले आणि ते कोणत्या शैलीत सांगितले, हे ते तीन प्रश्न होत. तो कसा गेला, हा चौथा प्रश्न गौण मानण्यात आला. बोट, आगगाडी आणि मोटार यांच्या प्रवासात हे गौणत्व काही अंशी समजण्यासारखे आहे. परंतु जेथे प्रवास पायी घडतो तेथे ‘कसा’ या प्रश्नाला वगळल्यास वर्णनाचा आशयच हातून निसटतो. चालणाऱ्याच्या दृष्टीने वाट ही दोन स्थळांना जोडणारी नुसती रेषा नसते. चढ, उतार, सावली, पाणी, फाटा आणि वेळ यांच्या क्रमाने तिचे स्वरूप सिद्ध होत असते. हा क्रम शब्दांत पकडणाऱ्या लेखनास सोयीसाठी ‘वाटवर्णन’ म्हणता येईल. प्रस्तुत लेखाचा विषय या वाटवर्णनाचा मराठीतील इतिहास आणि त्यातील एक उणीव हा आहे.

ती उणीव थोडक्यात अशी. मराठीने दोनच प्रकारच्या चालण्याला वाङ्मयीन प्रतिष्ठा दिली : एक देवाकडे नेणारे, दुसरे गडाकडे नेणारे. या दोहोंच्या मधली, फारशी उंच नव्हे आणि अगदी सपाटही नव्हे अशी, जिच्या शेवटी ना मोक्ष ना पराक्रम, अशी मध्यम वाट मराठी गद्याला दिसलेली नाही. शिरूर आणि दौंड या पुणे जिल्ह्याच्या पूर्वेकडील दोन तालुक्यांचा प्रदेश घेऊन ही गोष्ट पडताळून पाहता येते. कारण हा प्रदेश सह्याद्रीच्या मुख्य धारेचा नव्हे, पण निव्वळ मैदानही नव्हे.

(१)

वाटवर्णनाची मराठी परंपरा अर्वाचीन नाही. महानुभाव पंथाची ‘स्थानपोथी’ ही चौदाव्या शतकातील रचना या परंपरेच्या आरंभी उभी आहे. श्रीचक्रधरस्वामी ज्या ज्या गावी गेले, जेथे बसले, जेथे राहिले, जेथे विहरण केले, त्या स्थानांची ती नोंद होय. गावाच्या कोणत्या दिशेला कोणते देऊळ आहे, त्याचे दार कोणीकडे आहे, स्वामींचे आसन त्या देवळाच्या कोणत्या भागी होते, अशा तपशिलाने ती भरलेली आहे. वि. भि. कोलते यांच्या संपादनामुळे हा ग्रंथ विद्यापीठीय अभ्यासाच्या कक्षेत आला. भाषाशास्त्र आणि स्थलनामविद्या या दोन्ही दृष्टींनी त्याचा उपयोग झालेला आहे.

तथापि ‘स्थानपोथी’चे वाङ्मयीन वैशिष्ट्य वेगळ्याच ठिकाणी आहे. ‘लीळाचरित्रा’त जी लीळा घडते तिची जागा ‘स्थानपोथी’ दाखविते. पहिल्यात काळ आहे, दुसरीत स्थळ आहे. पुढे येणाऱ्या अनुयायाला ती जागा बिनचूक सापडावी, हा तिचा हेतू आहे. त्यामुळे तिच्या गद्यात अलंकार नाही आणि त्याची उणीवही भासत नाही. वाचणारा मनुष्य त्या जागी उभा राहील आणि शब्द खरा की खोटा हे त्याच क्षणी ठरेल, अशी कसोटी या गद्याने आपणहून स्वीकारलेली आहे. मराठी गद्याच्या बाल्यावस्थेत ही शिस्त निर्माण झाली, ही लक्षणीय गोष्ट होय.

परंतु या शिस्तीची मर्यादाही तेथेच आहे. ‘स्थानपोथी’ला स्थानाचे महत्त्व आहे, मधल्या वाटेचे नाही. दोन स्थानांच्या दरम्यानची भूमी तिच्या लेखी मुकी आहे. पवित्र स्थळाचा प्रकाश जेथे पडतो तेवढेच उजळते. उरलेले अंतर अंधारात राहते. पुढील मराठी वाटवर्णनाने ‘स्थानपोथी’ची अचूकता फारशी उचलली नाही, तिचा हा स्थानपक्षपात मात्र पूर्णपणे उचलला, असे म्हणावे लागते.

(२)

या पक्षपाताचा सर्वांत स्पष्ट पुरावा वारीच्या वाङ्मयात मिळतो. पुण्याहून निघाल्यावर पंढरीच्या दोन मुख्य पालख्यांचे मार्ग वेगळे होतात. ज्ञानेश्वरांची पालखी दिवे घाट चढून सासवडला जाते. तुकारामांची पालखी लोणी काळभोरवरून यवत, वरवंड, पाटस अशी दौंड तालुका ओलांडून रोटी घाटाने उंडवडी गवळ्याची आणि पुढे बारामती येथे पोचते. नकाशा समोर ठेवला तर एक गोष्ट ध्यानात येते. सिंहगडापासून पूर्वेकडे निघालेली जी डोंगररांग भुलेश्वराच्या नावाने ओळखली जाते, तीच रांग या दोन्ही पालख्या दोन निरनिराळ्या ठिकाणी ओलांडतात. उत्तरेला मुळा-मुठा आणि भीमा, दक्षिणेला कऱ्हा, अशा पाणलोटांना ही रांग विभागते. दिवे घाटाशी ती अजून डोंगर आहे. रोटी घाटाशी ती उतरत जाऊन टेकड्यांची ओळ झालेली आहे. दोन्ही पालख्या अखेर कऱ्हेच्याच खोऱ्यात उतरतात.

आता या दोन ओलांडण्यांना वाङ्मयात मिळालेले स्थान पाहावे. वारीविषयीच्या अर्वाचीन गद्यातील दोन लेखनांचा उल्लेख अपरिहार्य ठरतो : इरावती कर्वे यांचा ‘परिपूर्ती’ (१९४९) या संग्रहातील ‘वाटचाल’ हा लेख आणि दि. बा. मोकाशी यांचे ‘पालखी’ (१९६४) हे पुस्तक. दोन्ही ज्ञानेश्वरांच्या पालखीबरोबरच्या चालण्यातून निर्माण झालेली आहेत. दिवे घाटातील चढ, जादा बैलजोड्या आणि पताकांची रांग हे दृश्य मराठी मनात इतके रुजले आहे की वारी म्हटले की तेच डोळ्यांसमोर येते. रोटी घाटातही तुकारामांचा रथ चढतो, तेथेही बैलांना जोड लागते, तेथेही दिंड्या वळणावळणाने वर जातात. पण त्या चढाचे असे एखादे गद्य मराठी वाचकाच्या स्मरणात नाही. यवतच्या मुक्कामातील पिठले-भाकरीची ख्याती लोकांच्या तोंडी आहे. वाटेची ख्याती मात्र नाही.

याचे कारण रोटी घाट कमी उंच आहे एवढेच सांगून भागणार नाही. कर्वे आणि मोकाशी यांच्या लेखनाचे स्वरूप तपासले तर कारण अधिक खोल असल्याचे दिसते. कर्वे यांची दृष्टी समाजशास्त्रज्ञाची आहे. दिंडीत एकत्र चालणारी माणसे जेवणाच्या वेळी जातीजातींनी वेगळी होतात, हे पाहून त्यांना झालेली व्यथा, आणि त्याच वारीच्या आधारे महाराष्ट्राची व्याख्या शोधण्याचा त्यांचा प्रयत्न, हे त्या लेखाचे दोन ध्रुव होत. मोकाशी यांची दृष्टी कथाकाराची आहे. श्रद्धा नसलेल्या मनाने श्रद्धावंतांच्या मेळ्यात चालणे हा त्यांचा विषय आहे. दोघांनाही वाट ही माणसे पाहण्याची जागा म्हणून हवी आहे. ही त्या लेखनाची उणीव नव्हे, ते त्याचे सामर्थ्यच आहे. परंतु त्यामुळे असा समज दृढ झाला की वाटेचे वाङ्मय म्हणजे वाटेवरच्या माणसांचे वाङ्मय. खालची जमीन वर्णनाच्या बाहेर राहिली ती राहिलीच.

वारकऱ्याला स्वतःला वाटवर्णनाची गरज नव्हती, हा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो यथार्थही आहे. तुकारामांचे पुत्र नारायणमहाराज यांनी १६८५ मध्ये पालखीची प्रथा सुरू केल्याचे परंपरा सांगते. तेव्हापासून वाटेचे ज्ञान दिंडीच्या क्रमात, विसाव्यांच्या जागांत आणि मुक्कामांच्या पाठांतरात साठविलेले आहे. जो समूहाबरोबर चालतो त्याला फाटा चुकण्याचे भय नसते. लिखित वर्णनाची आवश्यकता एकट्या चालणाऱ्याला भासते, किंवा समूहाची आठवण विस्कळीत होऊ लागते तेव्हा. यास्तव वारीचे मौन हे अज्ञान नव्हे. पण मौनाने सांभाळलेले ज्ञान त्या समूहाबाहेर जात नाही, आणि वर्षातील एका पंधरवड्याखेरीज उरलेल्या काळात त्या वाटेला कोणी साक्षीदारही नसतो.

(३)

गडाकडे नेणाऱ्या वाटेची कथा याहून वेगळी आहे. शिवकाळाच्या स्मरणातून आणि विसाव्या शतकातील गिर्यारोहणाच्या आवडीतून मराठीत दुर्गवाङ्मय बहरले. गो. नी. दांडेकर हे या शाखेचे सर्वश्रेष्ठ लेखक होत. ‘दुर्गभ्रमणगाथे’त कातळ, पाखरे, झाडे, वारा यांची जी जवळीक आहे ती मराठी गद्यात अन्यत्र क्वचितच आढळते. वाटेच्या प्रत्येक वळणाला त्यांच्याजवळ शब्द आहे. तथापि त्यांच्या गद्याची गती चढाबरोबर वाढते, आणि माथ्यावर, दरवाजाशी, राजाच्या आठवणीशी तिची परिणती होते. हे गद्य आरोहणाचे आहे. ज्या भूमीत आरोहण नाही तेथे ते निरुपाय होते. राजगडाविषयी जे बोलता येते ते दौंडच्या टेकडीविषयी त्याच स्वरात बोलू गेल्यास हास्यास्पद होईल, हे दांडेकरांसारख्या लेखकाला न कळण्यासारखे नव्हते.

त्यानंतरच्या काळात वाटाड्यांची पुस्तके आली. यंग झिंगारो ट्रेकर्सच्या ‘सांगाती सह्याद्रीचा’ या ग्रंथाने पायथ्याचे गाव, जाण्याची सोय, चढाची वाट आणि नकाशा असा साचा पक्का केला. पुढील शेकडो किल्लेवर्णने याच साच्यातली आहेत. ‘चढाई श्रेणी’ या नावाने सोपी, मध्यम आणि अवघड अशी वर्गवारी रूढ झाली. येथे प्रथमच ‘मध्यम’ हा शब्द वाटवर्णनाच्या परिभाषेत आला. पण तो किल्ल्याच्या संदर्भात आला. ही श्रेणी मुख्यतः उभा चढ, निसरडा कातळ आणि दोराची गरज यांवरून ठरते. जेथे किल्ला नाही तेथे श्रेणीचा प्रश्नच उद्भवत नाही.

शिरूर-दौंडच्या परिसरात याचा परिणाम स्पष्ट दिसतो. यवतच्या दक्षिणेला, पुरंदर तालुक्यातील माळशिरस गावाजवळ (सोलापूर जिल्ह्यातील माळशिरस तालुक्याशी या गावाचा संबंध नाही), भुलेश्वराचे यादवकालीन देऊळ एका टेकडीवर उभे आहे. सतराव्या शतकात विजापूरच्या मुरार जगदेवाने पुणे उद्ध्वस्त केल्यावर येथे दौलतमंगळ हा किल्ला बांधला. दुर्गवाङ्मयाने दौलतमंगळाची नोंद घेतली, मूर्तिशास्त्राने देवळातील स्त्रीरूप गणेशाची आणि भग्न शिल्पांची घेतली. टेकडीच्या पायथ्यापासून देवळापर्यंतचे चालणे मात्र दोघांनीही गृहीत धरले, आणि मोटारीचा रस्ता वरपर्यंत गेल्यावर तर त्याचे नावही घेण्याचे कारण उरले नाही. अशा रीतीने एकाच टेकडीवर देव आणि गड हे दोन्ही असूनही तिची वाट अलिखितच राहिली.

लष्करी लेखनाची स्थितीही निराळी नाही. शिरूर येथे इंग्रजांची छावणी होती. ३१ डिसेंबर १८१७ च्या रात्री कॅप्टन स्टॉन्टनची तुकडी तेथून निघाली आणि रात्रभर चालून १ जानेवारी १८१८ च्या सकाळी कोरेगाव भीमा येथे पोचली. शिरूर तालुक्यातील हे इतिहासात सर्वाधिक नोंदले गेलेले चालणे होय. त्याविषयी शिपायांची संख्या, निघण्याची वेळ आणि लढाईचा वृत्तान्त मिळतो. त्या रात्रीच्या वाटेचे वर्णन मिळत नाही. देव, गड आणि रणभूमी या तिन्ही बाबतींत शेवटच्या स्थळाने मधली भूमी गिळून टाकलेली आहे.

(४)

या मधल्या भूमीचे स्वरूप तरी काय आहे? तिला मराठीत ‘माळ’ म्हणतात, आणि या शब्दाबरोबर ‘उजाड’, ‘ओसाड’, ‘बोडका’ ही विशेषणे जणू समासासारखी येतात. झाडी दाट असली तरच वन, ही कल्पना मराठी निसर्गवर्णनात संस्कृत काव्यापासून चालत आलेली आहे. पर्जन्यछायेतील हा प्रदेश त्या कल्पनेत बसत नाही. येथे गवत हेच वन आहे. बाभूळ, हिवर, बोर ही त्यातली विरळ झाडे. दौंडच्या दक्षिणेला बारामती तालुक्यात सुप्याजवळ मयूरेश्वर अभयारण्य १९९७ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र अवघे ५.१४ चौरस किलोमीटर आहे, पण चिंकाऱ्यासाठी राखलेली ती गवताळ भूमी आहे. माळावर राहणाऱ्या पक्ष्याला मराठीने ‘माळढोक’ हे नाव दिले. म्हणजे बोलभाषेला माळ हे एक घर असल्याचे ठाऊक होते. लिखित भाषेने त्यास रिकामी जागा मानले. शासकीय वर्गीकरणातही अशा गवताळ भूमीची गणना दीर्घकाळ पडीक जमिनीत होत आली. शब्द आणि धोरण यांत येथे दिसणारे साम्य योगायोगाचे नसावे.

शिरूरच्या बाजूला नद्या या भूमीचे रूप बदलतात. टाकळी हाजी आणि पारनेर तालुक्यातील निघोज यांच्या दरम्यान कुकडीने काळ्या कातळात रांजणखळगे कोरले आहेत. प्रवाहाने फिरविलेल्या दगडगोट्यांनी बेसाल्ट झिजून हे खळगे तयार झाले. घोड नदीच्या काठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजने १९६८ पासून दीड दशक उत्खनन केले. ताम्रपाषाणयुगातील वस्ती तेथे उघड झाली. उत्तरकालात चौकोनी घरांच्या जागी गोल झोपड्या आल्या, आणि कोरडे होत जाणाऱ्या हवामानात तेथील लोक अर्धभटके झाले, असा उत्खननकर्त्यांचा निष्कर्ष आहे. मेंढरे घेऊन पावसाच्या मागे-पुढे चालणाऱ्या धनगरांच्या वाटा आजही या पट्ट्यातून जातात. म्हणजे येथे चालणे ही हौस होण्याच्या कितीतरी आधी जगण्याची रीत होती.

या वाटांना शब्दही आहेत. पाऊलवाट, गाडीवाट, पाणंद, शिवेवरचा रस्ता, आडवाट यांतील प्रत्येक शब्द वाटेची रुंदी, मालकी आणि वापर सांगतो. गावनकाशात गाडीमार्ग दुहेरी तुटक रेषेने आणि पायमार्ग एकेरी तुटक रेषेने दाखविण्याची रीत आहे. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ आणि महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ या कायद्यांखाली अशा वाटांवरील अडथळ्यांचे आणि बांधावरून जाण्याच्या हक्काचे वाद चालतात. तेव्हा मध्यम वाट मराठीत कोठेच लिहिली गेली नाही असे नव्हे. ती तलाठ्याच्या दप्तरात लिहिली गेली, साहित्यात नाही. आणि दप्तराला रेषा ठाऊक असते. त्या रेषेवरून चालताना काय होते हे ठाऊक नसते.

(५)

तुलनेसाठी एका परदेशी परंपरेकडे पाहणे येथे उपयुक्त ठरेल. स्वित्झर्लंड म्हटले की मराठी वाचकाला हिमशिखरे आठवतात. परंतु त्या देशातील बहुसंख्य चालणे हिमशिखरांवर नव्हे, तर मध्यम उंचीच्या, वनराईने झाकलेल्या टेकड्यांत घडते. बर्न आणि लुत्सर्न यांच्या दरम्यानचा नाप्फ हा असाच सुमारे १,४०० मीटर उंचीचा डोंगराळ भाग होय. अशा भूमीतील वाटांना तेथे जी प्रतिष्ठा मिळाली तिचा उगम एका शाळामास्तराच्या कार्यात आहे. मोटारींच्या वाढत्या वर्दळीने पायी चालणारे रस्त्यावरून हटविले जात असल्याचे पाहून योहान याकोब एस यांनी देशभर एकसारख्या पिवळ्या पाट्यांची कल्पना मांडली आणि १९३४ मध्ये त्यासाठी संस्था स्थापन झाली. आज त्या जाळ्याची लांबी सुमारे ६५,००० किलोमीटर आहे. साधी वाट पिवळ्या खुणेने, डोंगरवाट पांढऱ्या-लाल-पांढऱ्या खुणेने आणि अतिकठीण वाट पांढऱ्या-निळ्या-पांढऱ्या खुणेने दाखविली जाते.

या पाट्यांचे एक वैशिष्ट्य वाङ्मयाच्या अभ्यासकाने विशेष लक्षात घेण्यासारखे आहे. त्यांवर अंतर नसते, वेळ असते. सपाटीवर ताशी ४.२ किलोमीटर ही गती धरून आणि चढ-उताराचा हिशेब मिळवून ती काढलेली असते. अंतर हा भूमीचा गुण आहे. वेळ हा भूमी आणि शरीर यांच्यातील संबंध आहे. पाटीवर वेळ लिहिणे म्हणजे चालणाऱ्याला वर्णनाच्या आत घेणे होय. मराठीतही ‘मजल’ आणि ‘मुक्काम’ या शब्दांत हाच संबंध होता. एका मजलेत किती कोस हे प्रदेशानुसार बदलत असे. किलोमीटरच्या दगडांनी हा संबंध पुसला, आणि वाटवर्णनाने तो पुन्हा जोडण्याचा यत्न केला नाही.

स्विस अनुकरणाचा आग्रह मात्र येथे धरता येत नाही. तेथील आल्पाइन क्लबने २००२ मध्ये प्रचारात आणलेली टी-१ ते टी-६ ही श्रेणी असो की आपल्याकडील चढाई श्रेणी असो, दोन्ही भूमीच्या घडणीवर उभ्या आहेत. दौंडच्या माळावर ही पद्धत अपुरी पडते. रोटी घाटाचा चढ मोजला तर तो सोपा ठरेल. पण ज्येष्ठ-आषाढातील ढगाळ सकाळी जो चढ वृद्ध वारकरी अभंग म्हणत चढतो, तोच वैशाखातील दुपारी धडधाकट तरुणाला पेलणार नाही. येथे वाटेची कठीणता उतारात नसून उन्हात आहे. कातळात नसून पाण्याच्या दोन ठिकाणांमधील अंतरात आहे. म्हणून पर्जन्यछायेतील ‘मध्यम’ ही श्रेणी महिन्यावाचून सांगताच येत नाही. मराठीत मध्यम वाटेची परिभाषा घडवावयाची असेल तर तिने पंचांगाला नकाशाइतकेच महत्त्व द्यावे लागेल. वारीच्या परंपरेत हे ज्ञान अंतर्भूत आहे. धनगरांच्या चालण्यात ते त्याहून अधिक सूक्ष्म आहे. गवत आणि पाणी यांच्या हिशेबानेच त्यांची मजल ठरते. दोन्ही ठिकाणी ते समूहाजवळ आहे, गद्यात उतरलेले नाही.

या विवेचनातून मध्यम वाटेच्या वर्णनाचे काही निकष हाती लागतात. पहिला, वर्णनाने वेळ सांगावी आणि ती कोणत्या ऋतूची हे सांगावे. दुसरा, पाणी आणि सावली यांची ठिकाणे स्थळमाहात्म्याच्या आधी यावीत. तिसरा, वाट जेथे फसविते तेथे गद्य थांबावे. ‘स्थानपोथी’ने आसनाच्या जागेस जो काटेकोरपणा दिला तो फाट्याला मिळावा. चौथा, वाट कोणाची आहे हे सांगावे. ती मेंढरांनी, उसाच्या गाड्यांनी, शाळेच्या मुलांनी की वारकऱ्यांनी मळलेली आहे, यावर तिचे भवितव्य अवलंबून असते. हे निकष माहितीपुस्तकाचे आहेत, वाङ्मयाचे नव्हेत, असा आक्षेप येईल. परंतु ‘स्थानपोथी’ही हेतूने माहितीपुस्तकच आहे, आणि तिला वाङ्मयेतिहासात जागा देताना कोणी संकोच केलेला नाही. स्विस लेखक रॉबर्ट वाल्झर याच्या १९१७ मधील ‘फेरफटका’ या अर्थाच्या नावाच्या दीर्घकथेत तर एका लहान गावातील एका दिवसाच्या साध्या चालण्याखेरीज काहीही घडत नाही. शेवटी शिखर नसले तरी गद्य उभे राहते, याचा तो पुरावा होय.

(६)

हा प्रश्न केवळ वाङ्मयप्रकाराच्या पूर्ततेचा असता तर त्याची निकड भासली नसती. ८ नोव्हेंबर २०२१ रोजी दोन्ही पालखीमार्गांच्या चौपदरीकरणाची पायाभरणी झाली. तुकाराममहाराज पालखीमार्ग या नावाने ओळखला जाणारा राष्ट्रीय महामार्ग ९६५-जी पाटसपासून तोंडले-बोंडलेपर्यंत सुमारे १३० किलोमीटरचा आहे. त्याचा आरंभच पाटसला होत असल्याने रोटी घाट त्याच्या कक्षेत येतो. या योजनेत रस्त्याच्या दोन्ही बाजूंस पायी चालणाऱ्यांसाठी स्वतंत्र मार्गिका ठरविण्यात आल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. वाहनांच्या वेगापासून वारकऱ्याचे रक्षण होणे आवश्यकच होते. परंतु मार्गिका सुरक्षित झाली की वाटेचे सर्व प्रश्न सुटले, असे मानणे ही ‘स्थानपोथी’पासून चालत आलेल्या स्थानपक्षपाताचीच पुढची पायरी ठरेल.

स्वित्झर्लंडने १९८५ मध्ये पायवाटांविषयी जो संघीय कायदा केला त्यात एक तरतूद अशी आहे की पायवाट बंद झाली, किंवा तिच्या मोठ्या टप्प्यावर चालणाऱ्याला अयोग्य असा पृष्ठभाग घातला गेला, तर तिच्याऐवजी दुसरी योग्य वाट देण्याची तजवीज करावी लागते. या तरतुदीमागे वाटवर्णनाचाच विचार आहे. दोन टोके जोडलेली राहिली म्हणजे वाट शाबूत राहिली असे तो कायदा मानत नाही. पायाखालच्या जमिनीलाही तो वाटेचा घटक समजतो. असा कायदा करण्यासाठी आधी अनेक पिढ्यांनी त्या जमिनीचे वर्णन केलेले असावे लागते. ज्या वाटेचे वर्णन नाही तिच्या नाशाची तक्रारही शब्दांत मांडता येत नाही. काय गेले हेच सांगता येत नाही.

यावरून वाङ्मयाने कायद्याचे काम करावे असा अर्थ काढण्याचे कारण नाही. परंतु ज्या भाषेत पाणंदीपासून आडवाटेपर्यंतचे शब्द आहेत, ज्या भाषेचे एक आद्य गद्य देवळाचे दार कोणीकडे आहे हे बिनचूक सांगते, त्या भाषेला रोटी घाटाचा एक चढ, भुलेश्वराची एक उतरण किंवा कुकडीच्या काठचा एक तास लिहिणे अवघड नाही. मराठी विभागांच्या संशोधनविषयांत किल्ले आणि वारी यांना योग्य स्थान मिळालेले आहे. त्यांच्या मधल्या भूमीचे वाचन अद्याप व्हावयाचे आहे. धनगरी ओव्या, गावनकाशे, दिंड्यांच्या विसाव्यांच्या याद्या आणि वृद्धांच्या तोंडी असलेली वाटांची नावे ही त्या वाचनाची साधने होत. त्यांपैकी नकाशे दप्तरात टिकतील. तोंडी असलेली नावे मात्र प्रत्येक पिढीबरोबर कमी होत आहेत, आणि त्यांची नोंद करण्यासाठी त्या वाटांवरून पायी जाण्यावाचून दुसरा मार्ग नाही.